सलाफहादच्या मुलींचं शेवटचं पान

प्रिय पपा,

उद्या सकाळी साडेदहाला मला एका कागदावर सही करायची होती. म्हणून आज लिहितेय. तुम्हाला जाऊन परवा वर्ष होईल. वर्षभरात एक ओळ लिहिली नाही आणि सहीची वेळ आली तेव्हा पपा आठवले, असं म्हणाल. म्हणा. खरंच आहे ते.

कागद बेंजादादाने कुरियरने पाठवलाय. वर मोठ्या अक्षरांत 'हक्कसोडपत्र'. किती सरळ शब्द आहे! खाली लिहिलंय की मी, नोआ, कै. सॉलोमन कुसवलीकर यांची एकुलती एक मुलगी, कुसवलीच्या नारळाच्या वाडीतला वडिलांचा अर्धा वाटा राजीखुशीने चुलतभावाला सोडून देत आहे. 'राजीखुशीने' कोणी टाइप केलं असेल? मला तर कोणी विचारलं नाही.

दादा वाडी विकतोय, पपा. काका गेले, दादाची दोन्ही मुलं इस्राएलला जाऊन बसली, आता तोही जाणार. रेवदंड्याच्या पुढे समुद्राला लागून असलेली वाडी, गिऱ्हाईक काय मिळायचं राहतंय? बंगले होणार आहेत तिथे. मी कबरींचं विचारलं. वाडीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात आजोबा, आजी आणि आपली आई आहेत, त्यांचं काय? तर म्हणाला, "अगं, ते लोक कुंपण घालून देणारेत. छान बाग करणारेत तिथे."

आणि आईच्या डाव्या हाताची जागा? चार कोपऱ्यांना चार चिरे रोवून तुम्ही स्वतःसाठी ठेवलेली? ती रिकामीच आहे, तिथे कुंपण कशाला लागेल, असं तो बोलला नाही. पण त्याचा अर्थ तोच होता.

ती रिकामी आहे ती माझ्यामुळे.

आई गेल्यावर तुम्ही इथे परदेशी माझ्याकडे राहायला आलात तेव्हा किती अवघडून असायचात! मरीन परेडचा आमचा फ्लॅट, बारावा मजला, खिडकीतून दिसणारी नांगरलेली जहाजं. जावई कुलकर्णी, नात इंग्रजीत उत्तरं देणारी. आपल्या यहुद्यांत बिनखवल्यांचा मासा चालत नाही, म्हणून बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या दुकानांवर तुम्ही प्रत्येक माशाला खवलं आहेत की नाहीत ते विचारायचात आणि दुकानातली आंटी दरवेळी अख्खा मासा उचलून तुमच्या नाकापुढे धरायची. शेवटी शेवटी ती तुम्हाला लांबून पाहूनच ओरडायची, "अंकल, टुडे गॉट स्केल, लाह!"

संध्याकाळी आपण ईस्ट कोस्टला समुद्रकाठच्या बाकावर बसायचो. तुम्ही एकदा पायाने माती उकरत विचारलंत, "नोई, ही जमीन आधी कोणाची होती गं?"

"कोणाचीच नाही पपा. समुद्र होता इथे. भर घालून केलीय. आमची बिल्डिंगसुद्धा भरावावरच आहे."

तुम्ही केवढ्याने हसलात! म्हणालात, "म्हणजे हिच्यावर कोणाची चिठ्ठीच पडलेली नाही."

मग नातीला, तिरसाला, तुम्ही चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितलीत. इस्राएलच्या वंशांमध्ये चिठ्ठ्या टाकून देश कसा वाटून दिला, कोणाला डोंगर आले, कोणाला कुरणं. कुठलाही वाटा कायमचा विकता यायचा नाही. गरिबीने कोणी विकलाच तर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचं आणि जमीन मूळ घराकडे परत, कारण जमीन देवाची, आपण तिच्यावर पाहुणे. तिरसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो इट्स ओन्ली फिफ्टी-इयर लीज, लाह. आवर फ्लॅट इज नाइंटी-नाइन." तुम्हाला ठसका लागला होता हसताना.

तिने विचारलं, आपली चिठ्ठी कुठली निघाली? तेव्हा तुम्ही नेहमीचं उत्तर दिलंत. आपला वंश कुठला ते कोणालाच माहीत नाही बाळा, चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आपण गैरहजर होतो. मग कोकणच्या किनाऱ्यावर आपलं गलबत फुटलं आणि जिथे अंग वाळवलं ते गाव नावाला जोडून घेतलं. कुसवलीकर. हीच आपली चिठ्ठी.

माझं नावही तुम्ही वाट्याच्या गोष्टीतूनच उचललंत. सलाफहादला पाच मुली होत्या, मुलगा नव्हता. तो रानात मेला तेव्हा महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा मोशेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसायचं? आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर सुचेना. त्याने देवाला विचारलं आणि देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. इथे तुम्ही धर्मपुस्तक मिटायचात. दरवर्षी, तो भाग वाचायचा शनिवार आला की, इथेच. "नोई, पाच जणींचं काम तुला एकटीला करायचंय."

शाळेत पोरं चिडवायची, नोहा तर होडीवाला म्हातारा! इथे तर पहिल्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर 'मिस्टर' अशी पाटी होती. मला कधी वाईट वाटलं नाही. माझं नाव जमीन मागणाऱ्या बाईचं आहे, हे मला माहीत होतं.

म्हणूनच दादाला मी फोनवर तेच सांगितलं. म्हटलं, सलाफहादच्या मुलींना वाटा मिळाला होता, मी सही का करू?

दादा म्हणाला, "पुढचं वाचलंयस का? त्याच पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाच. त्यांच्या वंशातली मंडळी मोशेकडे तक्रार घेऊन गेली. या बायका बाहेर लग्न करतील आणि आमची जमीन दुसऱ्या वंशात जाईल. मग अट पडली. वाटा घ्या, पण नवरा आपल्याच वंशातला करा. तू कुलकर्णी केलास, नोआ. मी काही म्हटलं का तेव्हा? पण मग ते पुस्तक काढू नकोस माझ्यापुढे."

आणि मग म्हणाला, "काकांना परक्या मुलखात पुरलंस, आणि इथली वाडी मागतेस?"

दादाचं हे खरं होतं, पपा. ईस्ट कोस्टच्या त्याच बाकावर, कागदी कप हातात धरून, तुम्ही समुद्राकडे बघत म्हणाला होतात, "याकोबाने मरताना मुलाकडून शपथ घेतली होती. मला मिसर देशात पुरू नकोस म्हणून." मला अर्थ कळला होता. पुरता कळला होता. आणि मी म्हटलं, "कॉफी थंड होतेय, पपा." तुम्ही कप तोंडाला लावलात.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या जावयाने, समीरने विचारलं, अलिबागला न्यायचं का? मी नको म्हटलं. विमानाचे कागद, उशीर, आपल्यात लगेच माती द्यायची असते, हे सगळं मी त्याला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. लग्नानंतर मी कुसवलीला एकदाच गेले होते, आईच्या वेळी, आणि कबरीपाशी उभ्या असलेल्या बायकांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं होतं. त्या नजरांपुढे पुन्हा उभं राहायचा मला धीर झाला नाही. बस, एवढंच. माझ्या भित्रेपणामुळे तुम्ही इथे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगच्या लाल मातीत आहात.

तिथल्या कागदावर मी न वाचताच सही केली होती. नंतर वाचला. इथे कबरही मुदतीची असते. पंधरा वर्षं झाली की उघडतात, आणि ज्यांच्या धर्मात पुरणंच सांगितलंय त्यांना आणखी लहान जागेत हलवतात. तिरसाची नव्याण्णव, देवाची पन्नास, आणि माझ्या पपांना पंधरा.

दादाशी बोलणं झाल्यावर मी तुमचं पुस्तक काढलं. तुमच्या बॅगेतलं, मोशेच्या पाच पुस्तकांपैकी चौथ्याचं ते मराठी भाषांतर. शेवटी शेवटी उलगडलं. पस्तिसावा अध्याय, आणि संपलं! छत्तिसावा नाहीच. मला इतका आनंद झाला, पपा. म्हटलं दादा खोटं बोलतोय. पन्नाशी उलटलेल्या माणसाला खोटं पाडायला मी फोन हातात घेतलासुद्धा. मग पुठ्ठ्याशी बोट लागलं. मागचा पुठ्ठा जाड लागत होता.

कव्हर काढलं. तुम्ही वह्यांना घालायचात तसं, कॅलेंडरच्या कागदाचं, कोपरे दुमडून घातलेलं. शेवटचं पान पुठ्ठ्याला टेकवून आत सारलेलं होतं आणि वरून कव्हराची घडी खळ लावून चिकटवलेली. ते पान सहज सापडणार नाही अशी व्यवस्था होती. छत्तिसावा अध्याय होता, दादाने सांगितला तसाच्या तसा. त्या पाचही जणींनी शेवटी चुलतभावांशी लग्नं केली, असंही आहे त्यात. मी आणि बेंजादादा! तुम्हालाही हसू आलं असतं.

पण मला रडू आलं ते कव्हराने. कव्हर उलटं करून पाहिलं तर आतल्या बाजूला महिना छापलेला होता. माझ्या लग्नाचा महिना, माझ्या लग्नाचं वर्ष. ज्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. त्यानंतर आठ महिने तुम्ही माझा फोन घेतला नाहीत, आई घ्यायची आणि 'पपा बाहेर गेलेत' म्हणायची. मी समजत होते की तुम्ही रागावलाय. रागावलाही असाल. पण त्याच दिवसांत बसून तुम्ही ते पान खळीने बंद केलंत. लग्नाच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने बारीक अक्षरांत एकच शब्द आहे. 'नोई'.

पान लपवलं म्हणून अट पुसली जाते का, पपा? जन्मभर शास्त्र पाळणारा माणूस तुम्ही, माशाची खवलं मोजणारे! मला एकदा सांगायचं होतंत. "नोई, पुढे असं लिहिलंय, पण तू माझी आहेस." मी त्या आठ महिन्यांत किती कमी रडले असते! आणि मीही कधी पूर्ण का वाचलं नाही? अर्ध्या गोष्टीवर चाळीस वर्षं काढली मी.

आज दुपारी दादाला फोन केला. म्हटलं, तू म्हणालास ते सगळं त्या पानावर आहे. बाहेर लग्न केलं तेही खरं, पपांना परक्या मातीत ठेवलं तेही खरं. पण सही करणार नाही. बंगले नाही बांधायचे मला तिथे, नारळही तूच उतरव. फक्त पपांचा अर्धा भाग विकता येणार नाही. इथे कबर पंधरा वर्षांनी उघडतात, तोवर तरी नाही.

"पंधरा वर्षं वाडी अडकवून ठेवणार तू? चार चिऱ्यांसाठी?"

"चौदा," मी म्हटलं.

त्याने फोन ठेवला. तो आता पुन्हा करणार नाही, हे मला कळतंय. मला लहानपणापासून ओळखणारं, आपल्या घरचं मराठी बोलणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. ते आज गेलं.

उद्याची साडेदहाची वेळ मी रद्द केलीय. तुमचं पुस्तक मी पुन्हा शिवून घेणार आहे, छत्तिसाव्या अध्यायासकट. तिरसाला मी पूर्ण गोष्ट सांगेन. तिला कव्हरही दाखवेन.

आणि पपा, शपथ तुम्ही मागितली होतीत, मी कॉफी पुढे केली होती. ती आज देते. ते लोक कबर उघडतील त्या दिवशी मी तिथे उभी असेन. चौपन्न वर्षांची असेन, गुडघे कुरकुरत असतील, पण तुम्हाला मी कोणाला लहान जागेत हलवू देणार नाही. घरी नेईन, आईच्या डाव्या हाताला. बायकांना बघू दे काय बघायचं ते.

तोवर जागा धरून ठेवलीय.

तुमची,
नोआ सॉलोमन कुसवलीकर