तुमचं पाणी कोणी पिलं?

जळकोट, बुधवार, सकाळचे साडेनऊ

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर भाचा भारत याचं डोकं (नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, पाकिटावरही 'ड्रायव्हर मामा' एवढंच आहे, कारण खाली येईल). तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? चार दिवस झाले तुमचा फोन बंद लागतोय, म्हणून हे पत्र देगलूरच्या गाडीवरच्या शेषेरावांच्या हातात देतोय. ते तुमच्याच डेपोचे, तुम्हाला ओळखतात. सध्या तुम्हाला ओळखणारी माणसं जितकी कमी तितकी बरी, पण इलाज नाही. इकडं आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी बियाण्याच्या दुकानात बसतो आणि हळदी-लग्नांत आमचे पुढारी नानासाहेब यांची नक्कल करतो. मागं बिलोलीत एका लग्नात त्यांच्या आवाजात म्हणालो, की ज्या घरात कूलर नाही तिथं मी स्वतः येऊन वारा घालीन. लोक हसून लोळले. कोणीतरी मोबाइलवर काढलं, आणि पुढच्याच सोमवारी खुद्द नानासाहेब एका म्हातारीच्या खाटेशी बसून सुपानं वारा घालताना टीव्हीवर दिसले. (तिला सर्दी होती, ती 'पुरे' म्हणत होती, तेवढं कापलं.) मग मी नकलेत भाकरी छातीशी धरून रडलो, आठवड्यात तेही रडले, माझ्यापेक्षा चांगले. त्यांचा माणूस देविदास शाल-नारळ घेऊन दुकानात आला. म्हणाला, "भारतराव, नवीन काय बोलायलाव ते आधी आमाला धाडत जा." मी फुगलो, मामा. भर मे महिन्यात दिवसभर शाल पांघरून गिऱ्हाईक केलं.

घात झाला तो आमच्याच गल्लीतल्या हळदीत. मी ऐन रंगात असताना शेजारच्या पंचफुलाबाई उठल्या आणि खऱ्या नानासाहेबांनाच विचारावं तसं विचारलं, "नाना, आमच्या नळाला पानी का येत न्हाई वो?" खरं उत्तर असं, की तिथं पाइपच पुरलेला नाही, पण त्याला कोण हसणार? त्या सकाळीच तुम्ही मला फोनवर झापलं होतं, की गावभर नकला करायलास अन् मामाला इसरलास. तुमचंच नाव जिभेवर होतं. मी हात वर करून म्हणालो, तुमचं सगळं पाणी त्या देगलूरच्या रेवणप्पानं पिलं! लोक इतका वेळ हसले की नवरदेवाची हळद वाळली. (नाव सीमेपलीकडचं वाटतं म्हणून हशा जास्त आला, असं देविदासचं मत.)

पुढच्याच गुरुवारी नानासाहेबांनी सभेत विचारलं, "तुमचं पाणी कोणी पिलं?" आणि अख्खं मैदान तुमचं नाव घेऊन ओरडलं. मी मागं उभा होतो. मीही ओरडलो, गप्प राहिलो असतो तर दिसलो असतो. आठ दिवसांत डीजेवर गाणं आलं. आता वरातीत तेच वाजतं. माझी शिवांगी तांब्या रिकामा दिसला की "रेवणप्पा येऊन गेला का?" विचारते आणि मोरीत एकटी जात नाही. तिची आई तनुजा आधी हसायची, आता गाणं जवळ आलं की खिडकी लावून घेते. एका खेड्यात तुमच्याच नावाच्या दुकानदाराचे पाण्याचे ड्रम लोकांनी उलटे केले. तो आधार कार्ड दाखवून सांगत होता, की मी देगलूरचा नाही हो.

मी देविदासला हात जोडले. सांगितलं, की ते माझे सख्खे मामा आहेत, रिटायर ड्रायव्हर, दिवसाला दोन तांबे पाणी पीत असतील. तो खूश झाला. "लई चांगलं झालं की! नाव चालायलंय, चेहराच नव्हता." परवा स्टेजवरून सांगूनही पाहिलं, की असा कोणी रेवणप्पा नाहीच, मीच बनवला. लोक म्हणाले, भारतला आता नानासाहेब जमेनात.

मामींना नमस्कार. शिवांगीला तुमचं नाव माहीत नाही, ती 'देगलूरच्या आबांना पापा' म्हणते, तो घ्यावा.

तुमचा भित्रा भाचा,
भारत

ता. क. : दारावरची नावाची फरशी आजच्या आज काढा आणि मामींना घेऊन त्यांच्या माहेरी औरादला जा. आमच्याकडं या असं लिहिणार होतो, पण पंचफुलाबाई मला रोज विचारतात, की तो कधी सापडणार.

आणखी ता. क. : तुमचा पत्ता मी कोणाला दिला नाही, असं वर लिहिलेलं नाही, कारण ते खरं नाही. काल टेम्पो घेऊन सहाजण दुकानात आले. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "मग नानांच्या आवाजात सांग." मामा, त्या आवाजात 'मला ठाऊक नाही' कधी बोललोच नाही, ते येतच नाही. गल्ली सांगितली, दाराचा हिरवा रंग सांगितला. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. टेम्पो उद्या सकाळी निघतोय.