निम्मं पाणी, निम्मं कूलंट

२९ नोव्हेंबर
सासऱ्यांनी त्यांची गाडी मला दिली. बावीस वर्षं चालवली. आता डोळे साथ देत नाहीत. अट एकच. २१ डिसेंबरला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात, त्या दिवशी याच गाडीतून त्यांना घाटमाथ्यावर न्यायचं. सासूबाई होत्या तोवर दर वाढदिवसाला दोघं तिथे जात. मी म्हटलं, डोळे मिटून नेतो. म्हणाले, उघडे ठेवून नेलंत तर बरं. विनोदी माणूस.

३० नोव्हेंबर
मेकॅनिककडे. म्हणाला, जुनं इंजिन आहे, थंडी येतेय, रेडिएटरमध्ये निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि निम्मं कूलंट घाला. पाणी उष्णता वाहून नेतं, कूलंट ते गोठू देत नाही. मी मान डोलावली. निम्मं-निम्मं हे डोकं न चालवणाऱ्यांचं उत्तर. प्रमाण मी स्वतः काढणार.

४ डिसेंबर
अभ्यास पूर्ण. (दोन व्हिडिओ. दुसरा अर्धाच, जेवायला बोलावलं.) उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही. मग कूलंटचे एवढे लाड कशाला? नऊ भाग पाणी, एक भाग कूलंट. पाणी नळाचं. तेही पाणीच. बायकोने विचारलं, थंडीचं काय? म्हटलं, आपल्याकडे एवढी थंडी पडतच नाही.

९ डिसेंबर, सकाळी ७
थंडी पडली. शून्याच्या खाली सहा. रेडिओ म्हणतो, आजवरचा विक्रम. गाडी सुरू झाली, कण्हली, आणि दहा मिनिटांत तापमानाचा काटा लालमध्ये. बाहेर बर्फ आणि इंजिन तापलेलं! विज्ञानात बसत नाही. बायको बसने ऑफिसला गेली. जाताना दार जरा जोरात लावलं. लक्षण वाईट.

त्याच दिवशी, दुपारी १
मेकॅनिक घरी येऊन गेला. रेडिएटरमध्ये पाणी गोठलं होतं, म्हणून फिरलंच नाही. एक रबरी पाइप फाटला. रेडिएटर नशिबाने वाचला. प्रमाण काय ठेवलं होतं, विचारलं. साधारण निम्मं, असं सांगितलं. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याला पाहण्याची वाईट सवय आहे. पाइप बदलला. भरायचं काम मात्र मी त्याला करू दिलं नाही.

१० डिसेंबर
चूक सापडली. पाणी! सगळ्या भानगडीचं मूळ तेच. आता थेंबभरही नाही. शंभर टक्के कूलंट. डब्यावर ‘पाण्यात मिसळून वापरा’ लिहिलंय, ते घाबरटांसाठी.

१५ डिसेंबर
ट्रायल. दूध आणायला गेलो, आलो. काटा मध्यावर. घाट म्हणजे तरी काय, रस्ताच. जरा तिरका.

२१ डिसेंबर, सकाळी ८
निघतोय. सासरे कोट घालून तासभर आधीच पुढच्या सीटवर बसलेत. बायको मागे.

संध्याकाळी ६
सहाव्या वळणावर काटा चढू लागला. मी कोणाला बोललो नाही, दरीचं वर्णन करत राहिलो. सासऱ्यांना काटा दिसत नाही, पण म्हणाले, इंजिन धापा टाकतंय जावईबापू, हीटर पूर्ण सोडा. मला वाटलं, थंडी वाजतेय. तर म्हणे, इंजिनातली उष्णता तेवढीच आत येईल. मग चारी काचा खाली, हीटर फुल, आणि डिसेंबरात तिघं घामाघूम. तरी माथा दोन वळणांवर असताना वाफ आलीच. मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तर सासऱ्यांनी मनगट धरलं. भाजून घ्यायचंय का, म्हणाले.

थांबलो. तासभर. त्यांनी विचारलं, आत भरलंय काय? सांगितलं, नुसतं कूलंट. आधी म्हणाले, नुसतं? मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. म्हणाले, पहिल्या वर्षी मी नुसतं पाणी भरलं होतं. हिची आई याच घाटात दोन तास माझ्याशी बोलली नव्हती. बायकोने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. तीही हसली, मग त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली.

इंजिन गार झाल्यावर बायकोने थोडं कूलंट काढलं, प्यायच्या बाटल्यांतलं पाणी ओतलं आणि हात पुढे केला. चावी माझ्या खिशात होती. शेवटची दोन वळणं तिने चालवली. माथ्यावर सासरे कठड्याशी उभे राहिले, आणि काय काय दिसतंय ते ती त्यांना सांगत होती. मी गाडीजवळ थांबलो. कोणीतरी थांबायला हवंच होतं.

२८ डिसेंबर
सासऱ्यांचा फोन. म्हणाले, कित्येक वर्षांत असा वाढदिवस झाला नव्हता, पुढच्या वर्षीही जाऊ. मग म्हणाले, चावी तेवढी माझ्या मुलीकडे राहू द्या. मी म्हटलं, मीही तेच सुचवणार होतो.

दुपारी बायकोने रेडिएटर रिकामा करून धुतला. स्वयंपाकघरातला मापाचा जग घेतला. एक जग कूलंट, एक जग डिस्टिल्ड पाणी. वीस मिनिटांत काम संपलं. नरसाळं मी धरलं होतं. ती म्हणाली, हलू नकोस.

फारसा हललो नाही.