गटात न बसणारे कोण

नौबाद, बिदर
गुरुवार

स्नेहांकित रामराव यांस,

माझ्याकडून नमस्कार आणि तुमच्या रीतीने जयभीम, दोन्ही एकत्रच स्वीकारावेत. पत्राच्या माथ्यावरची जागा आपल्या जुन्या तहानुसार मोकळी सोडली आहे. तिथे मी काय लिहिले असते ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे, तेव्हा तो वाद होऊन गेला असे धरून पुढे जाऊ. तुमचा गुडघा कसा आहे? इंदिराबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असल्यास हे पत्र त्यांनीच वाचून दाखवावे. तुम्ही वाचताना आपल्याविरुद्धची वाक्ये गाळता, हे पेपर तपासणीच्या टेबलावर बसत होतो तेव्हापासून पाहत आलो आहे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहिले. तेवढे एक वाक्य सोडल्यास या पत्रात खोटे काही नाही.

वस्तुस्थिती अशी. आमच्या पुट्टीची (म्हणजे नात श्रीलक्ष्मीची, कागदोपत्री असलेले नाव घरात फक्त ताप आल्यावर वापरतात) येत्या सोमवारी शाळेत दुसऱ्यांदा ‘ओळखभेट’ आहे. इतक्या लहान मुलांची परीक्षा घेता येत नाही, म्हणून परीक्षेला हे नाव दिलेले आहे. पहिल्या ओळखभेटीत शाळेची आणि तिची ओळख झाली नाही. प्रवेश मिळाला तर आमचा मुलगा संकर्षण बंगळूरची बदली नाकारील. न मिळाल्यास तो ती स्वीकारील, आणि बायको, मुलगी व आई यांना घेऊन जून उजाडण्याआधी निघेल. या आपत्तीचे मूळ तुम्ही संक्रांतीला आणलेल्या कोड्यांच्या पेटीत आहे, असे माझे प्रतिपादन आहे. ते मी सिद्ध करतो. तुम्ही गुडघा लांब करून बसावे.

तिळगूळ खाता खाता तुम्ही म्हणाला होतात, “अच्युतराव, लेकराचं डोकं आत्ता वाढायलंय, त्याला कोडी घाला. चिकाटी येती, ध्यानात राहतंय आन् इचार कराया लागतंय.” तीन विधाने. त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही आधार दिला नाहीत (गणिताच्या मास्तरांना आधार मागितला की ते चहा मागतात), पण उच्चारून मोकळे झालात. मी तिन्ही क्रमाने तपासली आहेत.

चिकाटी. पेटीत तुकडे जोडून हत्ती करण्याचे चित्र होते. पुट्टीने तुकडे पाहून विचारले, की हत्ती आधी अख्खा होता का. मी म्हणालो, होता. मग तो कुणी कापला? मी म्हणालो, कारखान्याने. “मग त्यानंच जोडावा की.” या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या आज्जीजवळ, आमच्या सुमतीबाईंजवळ, होते: “जोड गप, न्हाईतर पुरी न्हाई.” हा तर्क नव्हे, पण हत्ती जोडला गेला. त्यानंतर तो मोडून पेटीत भरायची वेळ आली तेव्हा पुट्टीने दुसरा आक्षेप घेतला, की जोडायला लावलेले मोडायचे कामून. परिणामी संक्रांतीचा हत्ती उगादीपर्यंत बैठकीच्या मधोमध पडून होता आणि आम्ही सर्वजण भिंतीला पाठ घासत ये-जा करत होतो. शेजारचे चन्नबसप्पा पेपर वाचायला यायचे ते धोतर उचलून, ओढा ओलांडावा तसे. एके दिवशी त्यांच्या ओल्या तळव्याला हत्तीचा कान चिकटून गेला आणि त्यांच्या देवघरात सापडला. तो परत द्यावा की राहू द्यावा, यावर त्यांच्या घरात मतभेद झाले. तेव्हा चिकाटी वाढते हे तुमचे विधान मला मान्य आहे. ती कोणाची वाढते हे तुम्ही स्पष्ट केले नव्हते.

स्मरण. ताटात वस्तू मांडायच्या, फडके घालायचे आणि फडक्याखाली काय आहे ते मुलाने सांगायचे, हा पेटीतल्या तुमच्या पुस्तकातला दुसरा खेळ. महिनाभरात पुट्टी एकही वस्तू विसरेनाशी झाली. मग सूनबाईच्या मातोश्री कलबुर्गीहून आल्या. जेवताना त्यांनी कौतुकाने विचारले, की मी मागल्या खेपेला काय काय आणले होते, सांग बघू. पुट्टीने शेंगदाण्याची चटणी सांगितली, खारीक सांगितली, चिवडा सांगितला, आणि प्रत्येक जिन्नस पुढे कुठे गेला तेही सांगितले. चिवड्याचा प्रवास चन्नबसप्पांच्या म्हशीपाशी संपत होता. विहीणबाई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने गेल्या. स्मरणशक्ती वाढते, हेही मान्य. विस्मरणावर किती घरे उभी आहेत, याचा विचार तुमच्या पुस्तकाने केलेला नाही, इतकेच.

आता विचार. इथे माझा संबंध येतो असे घरातल्या तिघांचे म्हणणे आहे, म्हणून मी अधिक काळजीपूर्वक लिहितो. पुस्तकात ‘गटात न बसणारे ओळखा’ या मथळ्याची कोडी आहेत. पुट्टी रोज संध्याकाळी ती घेऊन माझ्या खुर्चीशी येई. मी एकच नियम घातला: कारणावाचून उत्तर नाही. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे मी तिला भालकीच्या वाटेवर साखर कारखान्याची चिमणी दाखवून शिकवले (तिने त्यावरून जिथे धूर तिथे ऊस असा निष्कर्ष काढला, तो शेजाऱ्यांच्या चुलीपाशी बाद झाला, आणि तिने तो खळखळ न करता मागे घेतला. हे आपल्या दोघांनाही कधी जमले नाही). प्रश्न संदिग्ध असेल तर आधी ‘कोणत्या दृष्टीने’ असे विचारावे, एकाहून अधिक उत्तरे संभवत असतील तर सर्व मांडावीत, आणि कारण न देणाऱ्याच्या उत्तराला मत म्हणावे, इतपत तिची तयारी झाली होती. सुमतीबाई भाजी निवडता निवडता म्हणत, “लेकरू शाळंला जायचंय का कोर्टाला?” मी त्याकडे लक्ष दिले नाही, कारण तो प्रश्न होता, आक्षेप नव्हता.

ओळखभेटीला आम्ही सगळेच गेलो होतो. मुख्याध्यापिका सुधारानी मॅडम, बोलायला गोड. त्यांनी पुट्टीपुढे चार चित्रे ठेवली: गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. गटात न बसणारे कोण? पुट्टीने विचारले, कोणत्या दृष्टीनं? मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बघ की, वेगळं कोण दिसतंय. तेव्हा पुट्टी खुर्चीवर नीट बसली. पायांच्या दृष्टीने पाहिल्यास कोंबडी. रंगाच्या दृष्टीने म्हैस. आज्जी पहिली पोळी फक्त गायीला देते, त्या दृष्टीने गाय. आणि आमची तुळस एकट्या शेळीनेच खाल्ली आहे, त्या दृष्टीने शेळी. मग तिने विचारले, की तुमचे उत्तर कोणते. मॅडमनी हातातला छापील कागद पाहून सांगितले, कोंबडी. कारण? कारण कागदावर छापलेले नव्हते. “मग ते उत्तर न्हाई, मत हाय,” पुट्टी म्हणाली.

त्या क्षणी माझी मान किंचित डोलली. ही मान सूनबाईने पाहिली.

सुधारानी मॅडमना मी दोष देत नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, पोरगी लई हुशार हाय, तिचं खरं बी हाय. पण माझ्या वर्गात चाळीस लेकरं हायेत. सगळ्यांच्या म्हशीची बाजू ऐकत बसले तर कोंबडीला यायला दिवाळी उजाडंल.” चाळीस मुले आणि एक तास, हे प्रमेय मला खोडता आले नाही. आणखी एक संधी म्हणून त्यांनी सोमवार दिला. तिनं एकच उत्तर द्यावं, एवढीच अट.

घरी आल्यावर संकर्षण चपला काढता काढता म्हणाला, “अण्णा, तुम्ही जिंकलाव. शाळा हरली. आता आम्ही बंगळूरला जातो.” मी म्हणालो, जा. मी नौबाद सोडणार नाही. वादाची रीत अशी आहे, की एकाने प्रतिज्ञा मांडली की समोरच्याने तिच्यावर आक्षेप घ्यायचा: का सोडणार नाही, एकटे कसे राहाल, पोळ्या कोण करील. प्रत्येक आक्षेपाचे उत्तर मी तयार ठेवले होते, आणि शेवटच्या आक्षेपापाशी, योग्य त्या सन्मानाने, निरुत्तर होण्याचीही माझी तयारी होती. संकर्षण म्हणाला, “बरं.” आणि हात धुवायला गेला. सुमतीबाईंकडे पाहिले तर त्या म्हणाल्या, “पुट्टी तिथं मी. तुमची तुमाला सांभाळायला पुस्तकं हायेत.” त्यानंतर तो विषय माझ्याजवळ कोणी काढलेला नाही. आपण होऊन बोललेले आपण होऊन मागे घेणे म्हणजे प्रतिज्ञाहानी. न्यायशास्त्रात तो सरळ पराभव मानलेला आहे. त्यामुळे सध्या माझ्या प्रतिज्ञेवर माझ्याखेरीज कोणाचाच आक्षेप नाही.

तात्पर्य, कोड्यांनी मुलांच्या वाढत्या बुद्धीला लाभ होतो हे तुमचे विधान तिन्ही अंगांनी खरे ठरले असून, त्यामुळे आमचे घर मोडत आहे. पेटी परत पाठवणार होतो, पण चन्नबसप्पांच्या देवघरातून कान सुटून आल्यापासून हत्ती पुन्हा जोडून ठेवलेला आहे आणि त्याला उचलायला कोणाचा हात होत नाही. उत्तर सावकाश द्यावे. इंदिराबाईंना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद. फुटपट्टीच्या टोकाने शाई खरवडण्याची तुमची खोड अजून असेल तर या पत्रावर ती करू नये.

तुमचा,
अच्युतराव

ता. क. सावकाश द्यावे असे वर लिहिले आहे ते रद्द समजावे. हे पत्र टपालाने येत नसून सुमतीबाईंच्या हाती येत आहे, आणि त्यांच्या दुसऱ्या हाताला पुट्टी आहे. एव्हाना त्या तुमच्या दारात उभ्या असतील. दोघींना रविवारपर्यंत ठेवून घ्यावे आणि पुट्टीला विचारलेल्या प्रश्नाचे एकच उत्तर देऊन गप्प बसायला शिकवावे. पुस्तक सोबत दिले आहे, तुमचेच. मी स्वतः प्रयत्न केला. काल तिला चार चित्रे दाखवली. तिने माझ्याकडे पाहिले आणि एका शब्दात म्हणाली, “कोंबडी.” अगदी हवे तसे. आणि माझ्या तोंडून निघून गेले, “कारण?” हे काम माझ्याकडून होणार नाही.

ता. क. २. आत्ता, बसला निघण्यापूर्वी, आज्जी वेणी घालत असताना पुट्टीने मला एक कोडे घातले. आई, बाबा, आज्जी, पुट्टी आणि आजोबा. गटात न बसणारे कोण? मी विचारले, कोणत्या दृष्टीने? तिने या खेपेस चार बाजू मांडल्या नाहीत. “तुम्ही,” म्हणाली. मी कारण विचारले नाही, तरी तिने दिले: “आम्ही सगळे बंगळूरला जायलाव. तुमी न्हाई म्हणलाव.” वेणी पुरी होईपर्यंत मी ते उलटसुलट तपासून पाहिले. हेतू, म्हणजे दिलेले कारण, निर्दोष आहे, उदाहरण चोख आहे, दुसरे उत्तर संभवत नाही. तुमची नजर माझ्याहून वेगळी आहे. तुम्हाला त्यात कुठे दोष दिसल्यास तो मला नव्हे, पुट्टीला दाखवावा, आणि तिने घरी येऊन तो सर्वांसमक्ष माझ्यावर मांडावा असे करावे. या एका वादात हरण्याची माझी पूर्ण तयारी आहे. फक्त कोणीतरी वाद घालायला हवा.