बाबांचं घड्याळ खरं निघालं

प्रिय ढब्बू,

तुझ्या लष्करी संग्रहालयाच्या साहेबांना सांग, बाबांचं घड्याळ अस्सल आहे. सैन्यातली म्हणून विकलेली घड्याळं माझ्या दुकानात दुरुस्तीला येतात ना, ती कशी नखशिखांत चकचकीत असतात! याचा पट्टा अडकवायच्या दांड्या घड्याळालाच पक्क्या जोडल्यात, धावपळीत निखळू नयेत म्हणून. दोन काटे दोन तऱ्हांचे, कारण लष्कराच्या दुरुस्तीखान्यात हाताला येईल तो भाग बसवलेला. मागच्या झाकणावरचा शिक्का आणि नंबर झिजलेत, पण खोल कोरलेत. भिंगातून बघताना मी नाचायचीच बाकी होते.

मग डोक्यात प्रकाश पडला. असं घड्याळ शिपायाचं नसतंच रे, सरकारचं असतं. नोकरी संपली की परत करायचं. मग ते आपल्या कपाटात काय करतंय? तेही शेजाऱ्यांची पेन्सिल परत करायला तुला रडत पाठवणाऱ्या माणसाच्या कपाटात! घड्याळ भेट दिल्याबद्दल संग्रहालयात त्यांचा सत्कार होणार, ही बातमी तू दिल्यापासून बाबा ताटात घास चिवडत बसायचे, येणार की नाही ते सांगेनात. मला वाटलं, संकोच.

शेवटी काल चहा घेताना सरळ विचारलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. शेवटच्या रजेत तू तापाने फणफणला होतास म्हणे. घड्याळ कानाशी धरलं की झोपायचास, काढलं की घर डोक्यावर घ्यायचास. निघताना त्यांना ते तुझ्या उशाखालून काढवेना. तिकडे जाऊन हरवलं म्हणून लिहून दिलं. आयुष्यभर त्या एका खोट्याने माणूस आतून कुरतडला गेला, आणि आपल्याला पत्ता नाही. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, अहो बाबा, मग खरा चोर ढब्बूच! तेव्हा कुठे हसले.

पत्र लिहायचं कारण असं की घड्याळाजवळ लावायच्या पाटीवर तू 'सप्रेम भेट' रंगवलं असशील, तर ते पुसून टाक. जे आपलं नाही ते भेट कसं द्यायचं, असं बाबा म्हणतात. ते येणार आहेत, पण घड्याळ जमा करायला, आणि उशीर का झाला हे माइकवर स्वतः सांगणार आहेत. सकाळपासून आरशासमोर तेच चाललंय, आणि तुझ्या तापापाशी आले की दर वेळी अडखळतात. तेवढं वाक्य त्यांना जमलं नाही, तर उठून तू पुरं कर.

तुझीच,
ताई