मामांच्या अर्ध्या पान्यांची हकीकत

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (या खेपेला जरा जास्तच वाकलो आहे, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे मी ठणठणीत, नोकरी मात्र अजून हंगामीच.

निवृत्तीनंतर दुरुस्तीचं दुकान काढायचं म्हणून तुम्ही नट-बोल्टांच्या गंजलेल्या पान्यांची पेटी मोठ्या विश्वासाने माझ्या हवाली केलीत. 'भाचा गंजाच्याच प्रयोगशाळेत आहे, मग कधी कामाला येणार?' हे तुमचेच शब्द. मीही विडा उचलला. गंज काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, पण गंज संपला की ते पोलादावरच ताव मारतं. त्यावर आमच्याकडे उतारा आहे: त्यातच थोडं सेंद्रिय आम्ल घालायचं, दालचिनीत असतं तसलं. ते पोलादाला चिकटून बसतं आणि ॲसिडला जवळ फिरकू देत नाही. (आम्लापासून वाचवायला आम्लच, हे ऐकून मामी म्हणाल्या होत्या, 'म्हणजे सासूपासून वाचवायला नणंदेला बोलवायचं!')

आता मुद्द्यावर येतो. मामा, आमच्या धंद्यात तुलनेशिवाय काही चालत नाही. उतारा लागू पडला म्हणायचं, तर उताऱ्याविना काय होतं तेही दाखवावं लागतं. सवयीने हात आपोआप चालले. अर्धे पाने उताऱ्याच्या ॲसिडात सोडले आणि अर्धे कोऱ्या ॲसिडात. त्या कोऱ्या टाकीत बुडबुड्यांचा जल्लोष चालला होता आणि मी शेजारी बसून टिपणं घेत होतो! ते पाने तुमचे आहेत, हे जेवायला बसल्यावर आठवलं. उष्ट्या हातानेच टाकीकडे धावलो.

उताऱ्यातले पाने लख्ख निघाले. दुसऱ्या टाकीतला सर्वांत मोठा पाना आता मामींना केसांत खोचता येईल. खरं सांगतो, मला रडू आलं. त्या पान्यांवर तुमचा संसार चालला, माझं शिक्षण झालं. वाचलेले पाने घेऊन येतो. बाकीचे आमच्या साहेबांनी काचेच्या कपाटात मांडलेत. इतका स्पष्ट फरक त्यांनी आजवर पाहिला नव्हता म्हणे.

तुमचा (अजून मानत असाल तर) भाचा

ता. क. साहेब मला नोकरीत कायम करायला तयार आहेत. अट एकच: हाच प्रयोग तसल्याच जुन्या पान्यांवर पुन्हा करून दाखवायचा.

ता. क. २. तुमची दुसरी पेटी पलंगाखाली आहे, असं मामींकडून कळलं. रविवारी न्यायला येतो. मामींचा होकार आहे. तुम्ही किल्ली तेवढी काढून ठेवा. अगदीच जिवावर येत असेल तर राहू द्या. कुलूप पोलादाचंच आहे, हे मी मामींना विचारून घेतलंय.