गच्चीवर अँटेना नाही

मंगळवार, संध्याकाळ

टीव्ही पुन्हा बंद पडला आणि हे पुन्हा गच्चीवर गेले, अँटेना फिरवायला. अँटेना काढून किती वर्षं झाली! कठडा नाही त्या बाजूला उभे राहून रिकाम्या हवेत हात फिरवत होते.

"आलं का वं?"

लग्नानंतर दर रविवारी हाच प्रश्न यायचा. मी खिडकीतून ओरडायची, थोडं डावीकडे, अजून थोडं. किती हसायचो.

आज मी गच्चीच्या दारातून म्हणाले, "आलं, एकदम साफ आलं. उतरा आता." पडदा निळाच होता. हे खाली येऊन त्याच्यासमोर समाधानाने बसले.

मग केबलवाला आला. "काकू, केबलच्या डब्याची वायर घरातलंच कोणी उपटून राहिलं." घरात आम्ही दोघंच. डॉक्टर म्हणालेच होते, ह्यांचं विसरणं वाढत जाईल. पण हे असं?

तो गेल्यावर मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. ह्यांच्याच घरात, ह्यांच्यासाठी.

टीव्ही आता नीट चालू आहे. हे मात्र जिन्यात उभे आहेत, कुलूप हातात धरून हळूहळू फिरवताहेत.

"आलं का वं?"

आलं म्हणते मी. तरी थांबत नाहीत.