दार वीतभर उघडं

लवळे, ता. मुळशी
८ डिसेंबर

ती. सगुणाआक्कास,
दयानंदचा सा. न. वि. वि.

गोणपाट दोनदा खांद्यावरून घसरलं आणि दोनदा मनीषनं ते परत घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा सूनबाई उठली आणि ठिगळ पुढं येईल असं नीट करून गेली. ठिगळ दिसलं पाहिजे म्हणे. गोणपाट नवं होतं. ठिगळ सूनबाईनंच, किमयानं, आदल्या दिवशी शिवलं होतं.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहून कळवतो. मनीष नोकरी सांभाळून मोबाइलवर व्हिडिओ टाकतो, हे तुला माहीत आहे. यंदाचा विषय, कमी खर्चात थंडी काढणं आणि पोटभर खाणं. दाखवायला मी. एसटीत कंट्रोलर म्हणून उभी हयात गेली, ती कुणाला नको आहे. आई-दादा ऊसतोडीला जायचे आणि आपण उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपायचो, तेवढं हवं आहे.

सांगितलं सगळं. सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालायचं. वीट चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायची. संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे, लसूण सढळ, आणि खालचा रस्सा ऊन ऊन प्यायचा. त्या शेंगोळ्यांवर यांनी तूप ओतलं. आपल्या कोपीत तूप कुठलं? कॅमेऱ्यात धार नीट आली नाही म्हणून पुन्हा ओतलं. मग पुन्हा. शेवटी ताट गारठलं, वर पांढरा थर धरला आणि सगळं कचऱ्यात गेलं. काटकसरीचा व्हिडिओ. 

शेवटी शेगडी. आई कोळसे बाहेर फुलवून, धूर गेल्यावरच आत आणायची, तसं केलं. दार वीतभर उघडं ठेवायचं, नाहीतर सकाळी माणूस उठत नाही, हे मी कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं. मध्येच कॉलेजच्या पोरांना घेऊन रिक्षा यायला लागल्या. आवाज नको म्हणून मला उठून दार लावायला सांगितलं. ते उठणंही यांनी टिपलं. म्हाताऱ्याची चाल चांगली दिसते म्हणे.

घरमालकीण गोजराबाई कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. दयानंदभाऊ, तुमाला कुनी भिकंला लावलंय का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मनीष हसला.

मनीष-किमयाच्या खोलीत विजेचा हीटर आहे. माझ्याही खोलीत एक आहे. माझी तक्रार नाही, फक्त किळस येते.

आई शेंगोळ्यांत ओवा घालायची की जिरं? कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दया


पाथर्डी
१७ डिसेंबर

चि. दयास,
आक्काचे आशीर्वाद.

ओवा. जिरं घालायला आपण कुठले जहागीरदार.

तुझं पत्र आज आलं. तू मात्र आधीच आलास, शेजारच्या चंद्राबाईच्या फोनवर. गल्लीतल्या बायका म्हणतात, तुमचा भाऊ लई गोड दिसतो. गोड कसला, दाढ दुखणाऱ्या बैलासारखा दिसत होतास. आणि शेंगोळे एवढे जाड कुणी वळले? तुझ्या सुनेला म्हणावं, आतून कच्चे राहतात. फेकलेत ते एका परीनं बरं केलंत.

आता थट्टा पुरे. फोनमधलं मला ऐकू येत नाही, म्हणून मी नुसतं पाहिलं. तू शेगडी आत आणलीस, कॉटपाशी ठेवलीस, मग उठून दार लावलंस. चंद्राबाईला विचारलं, हा दाराबद्दल काय बोलतो? ती म्हणाली, काहीच नाही. व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तिनं फोन कानाशी धरून ऐकलं. काहीच नाही. मला वाटलं, म्हातारपणी तुझी अक्कल गेली. आज पत्र वाचल्यावर कळलं की तू सांगितलं होतंस. ते यांनी कापून टाकलं आणि रिक्षासाठी लावलेलं दार शेगडीच्या पाठोपाठ जोडलं.

दया, फडावर आपल्या शेजारच्या कोपीत काय झालं ते तू पाहिलं आहेस. नवराबायकोनं आत कोळसे घेतले आणि दाराला पोतं दाबून बसवलं. सकाळी मुकादम शिव्या देत आला, अजून कोयते का उचलले नाहीत म्हणून. त्यानं पोतं ओढलं आणि त्याच्या शिव्या थांबल्या. मला अजून त्या मुकादमाचं तोंड दिसतं.

चंद्राबाईची लेक बाळंतपणाला आली आहे. तुझं बघून तिच्या बाजेखाली शेगडी गेली आणि खिडकी बंद झाली. मी जाऊन खिडकी उघडली. मी इथं आहे म्हणून. बाकीच्या ठिकाणी कोण आहे?

ते ताबडतोब काढायला लाव. मनीषला माझं नाव सांग. तुला थंडी वाजत असेल तर बाजरीची भाकरी खा, वर तिळाची चटणी घे आणि कॅमेऱ्यासमोर बसू नकोस.

राग आहे, पण आशीर्वाद कमी केलेले नाहीत.

तुझी
आक्का


लवळे
२७ डिसेंबर

ती. आक्कास,
दयाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मग तो व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला. तोवर बघवला नव्हता. तू लिहिलंस तसंच आहे. शेगडी, मग दार, मग मी हसतो. हसलो होतो मांजरानं ताटाला तोंड लावलं तेव्हा.

मनीषला विचारलं. म्हणाला, बाबा, सकाळी माणूस उठत नाही असं म्हटलं की सगळी मजाच जाते, लोक पुढं बघत नाहीत. आणि लोक काही एवढे मूर्ख नसतात. तुझं नाव सांगितलं. आत्याला यातलं काय कळतं, म्हणाला. ते ऐकून घेतलं, कारण काम व्हायला हवं होतं.

मग म्हणालो, ठीक आहे, आज तुमच्या खोलीत पेटवू. हीटर बंद, दार बंद, नातीला मध्ये झोपवा. मनीष म्हणाला, काहीतरीच काय. किमया जेवता जेवता उठली, पोरीला उचललं आणि खरकट्या हातानं तशीच उभी राहिली. मनीषला म्हणाली, काढ ते. त्यानं काढलं. फोन सोफ्यावर टाकला आणि मला विचारलं, झालं समाधान?

मला वाटलं, झालं.

बंगल्यामागं गेणबांनी, म्हणजे गोजराबाईंच्या यजमानांनी, पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आहेत. पिरंगुटच्या कंपन्यांत जाणारी पोरं तिथं राहतात. सहज चक्कर मारली. निरंजन आणि त्याची बायको गौतमी यांनी कौतुकानं आत बोलावलं. रंगाच्या डब्याला भोकं पाडून शेगडी केली होती. खिडकीच्या फटींना कंपनीतली चिकटपट्टी. दाराखाली ओली चिंधी. गौतमी म्हणाली, सकाळी उठलं की डोकं फुटतंय, उलटीसारखं होतं, थंडी बाधली असेल. मी चिकटपट्टी ओढली. तिच्याबरोबर भिंतीचा रंग निघून आला. निरंजन म्हणाला, आजोबा, तुम्हीच तर दाखवलंत.

तो व्हिडिओ काढला आहे, असं सांगितलं. त्यानं फोन पुढं धरला. आहे. मनीषचा नाही, कुणा दुसऱ्यानं उचलून टाकलेला. मागं बासरी लावली आहे. आणखी एकाचा आहे, त्यात दार दोनदा लागतं.

घरी येऊन मनीषला सांगितलं. उचलतात लोक, त्याला मी काय करणार, असं म्हणाला. मग फोन बघत म्हणाला, पण बघा ना, कुठवर गेलाय. आवाजात अभिमान होता. त्यानंतर त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. मला घेववला नाही. माझाच मुलगा आहे, आक्का.

गोजराबाईंनी गौतमीला पौडला डॉक्टरकडं नेलं. परतल्यावर ओट्यावर बसवून तिला हुलग्याचं माडगं पाजलं. ती बरी आहे. मला म्हणाल्या, भाऊ, पोराला अक्कल न्हाई ती न्हाई, आन तुमी त्याच्याच ताटात जेवताय. एक खोली रिकामी हाय, या हितं. मी गेलो. किमयानं गोधडी आणून दिली आणि दारातूनच परत गेली. मनीष आला नाही.

पत्रा संध्याकाळपासूनच गार पडतो. सदऱ्यात वर्तमानपत्र आहे, पायाशी वीट आहे. काल शेंगोळे केले, बारीक वळले, ओवा घातला. चांगले झाले. ते खाताना स्वतःचाच चेहरा आठवला, बासरीसकट, आणि ताट बाजूला सारलं.

शेगडी कुणी आत घेऊ नये, असं प्रत्येक खोलीत सांगून आलो आहे. माना डोलावतात. ऐकतात की नाही, कळत नाही. ज्यांच्यापर्यंत माझे पाय पोचत नाहीत त्यांचं काय, हे तू विचारू नकोस. मीही तुला विचारत नाही.

चंद्राबाईच्या लेकीची खिडकी रोज बघत जा. तुझं प्रेम आहे तसं असू दे.

तुझा
दया

ता. क. पत्र काल लिहिलं, पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी उठून ओळीनं सगळ्या खोल्यांची दारं वाजवली. निरंजननं उघडलं. पुढच्यांनीही उघडलं. कोपऱ्यातल्या खोलीतला रात्रपाळीचा मुलगा येईना. मी वाजवत राहिलो. बऱ्याच वेळानं तो आला, मला आईवरून शिवी दिली आणि दार आपटलं. मी परत येऊन चहा ठेवला.